वीज, पाणी, गॅस आणि ५जी : पुरवठा कंपन्यांना पडणारे नेहमीचे प्रश्न

वीज, पाणी किंवा गॅस पुरवणाऱ्या कंपन्यांत ५जीचा विषय निघाला की ठरावीक प्रश्न फिरून फिरून येतात. काही शंकेपोटी येतात, काही जाहिराती वाचून. त्यांची जमतील तितकी सरळ उत्तरं इथे दिली आहेत.

उपकेंद्रापर्यंत फायबर पोचलेलं आहे. मग मोबाइल नेटवर्क कुठे लागतं?

उपकेंद्राच्या पुढे. उच्चदाब वाहिन्या आणि मोठी उपकेंद्रं नियंत्रण कक्षाला नीट दिसतात. तिथे फायबर असतं, स्काडा (दुरून देखरेख आणि नियंत्रण करणारी संगणक प्रणाली) असतो. पण फीडर, म्हणजे उपकेंद्रातून ग्राहकांकडे वीज नेणारी वाहिनी, उपकेंद्राबाहेर पडला की पुढचे खांब, रोहित्रं, रस्त्याकडेची स्विचगिअर आणि अगदी शेवटी ग्राहकाचं मीटर, या पसाऱ्याबद्दल नियंत्रण कक्षाला फारसं काही कळत नाही. वीज गेल्याची पहिली खबर अनेकदा ग्राहकाच्या फोननेच येते. पाणी आणि गॅसचंही तसंच. पंपघरात दाब किती, प्रवाह किती हे ठाऊक असतं, रस्त्याखालच्या नळात काय चाललंय ते ठाऊक नसतं.

या प्रत्येक ठिकाणी फायबर नेणं परवडत नाही. खर्च सोडला तरी खोदकामाच्या परवानग्यांतच वर्षं जातात. म्हणून शेवटच्या टप्प्यावर रेडिओला पर्याय नाही. प्रश्न उरतो तो कुठला रेडिओ, एवढाच.

५जीचा प्रचंड वेग या कामाला उपयोगी पडतो का?

फार थोड्या ठिकाणी. मीटर दर १५ मिनिटांनी एक नोंद पाठवत असेल तर दिवसाला ९६ नोंदी होतात, म्हणजे काही किलोबाइट. ब्रेकरला, म्हणजे वाहिनीतली वीज तोडणाऱ्या स्विचला, ‘उघड’ (वीज तोड) सांगणारा संदेश तर त्याहून छोटा. मोठा वेग लागतो तो ड्रोनने टिपलेलं चित्रीकरण किंवा उपकेंद्रातल्या कॅमेऱ्यांची दृश्यं पाठवायला, आणि तिथेही वर चढणारा डेटा (अपलोड) महत्त्वाचा. सार्वजनिक नेटवर्कची आखणी बहुतेक वेळा उलट असते : खाली उतरणाऱ्या डेटाला जास्त जागा, कारण लोक व्हिडिओ पाहतात. करार करताना हा मुद्दा सहज निसटतो.

पुरवठा कंपनीला ५जीतून हवे ते गुण वेगळे आहेत. संदेश ठरलेल्या वेळेत पोचेल याची हमी, एकाच भागात लाखो उपकरणं सांभाळण्याची ताकद आणि सगळ्या उपकरणांना एकच अचूक वेळ पुरवण्याची सोय. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने ५जीसाठी ज्या कसोट्या घालून दिल्या, त्यांत दर चौरस किलोमीटरला १० लाख उपकरणं ही एक कसोटी आहे.

१ मिलिसेकंदाचा विलंब खरोखर मिळतो का?

तो आकडा नीट वाचायला हवा. १ मिलिसेकंद ही कसोटी फक्त उपकरण आणि टॉवर यांच्यामधल्या रेडिओच्या टप्प्यापुरती आहे, तीही अतिविश्वासार्ह म्हणवल्या जाणाऱ्या सेवेसाठी. टॉवरच्या पुढे फायबर लागतं आणि फायबरमध्ये प्रकाश १ मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. निर्णय घेणारा सर्व्हर ५०० किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन ५ मिलिसेकंद नुसत्या वाटेतच जातात. भौतिकशास्त्राला निविदेतली अट बांधून ठेवू शकत नाही. घाईचे निर्णय घेणारं यंत्र म्हणूनच उपकेंद्राजवळ ठेवावं लागतं.

विक्रेत्याला सरासरी विलंब विचारू नका, सर्वांत वाईट विलंब विचारा. ५जीच्या त्याच कसोटीत ९९.९९९ टक्के विश्वासार्हता आहे, म्हणजे १ लाख छोट्या संदेशांपैकी फार तर १ वेळेत न पोचणं चालेल. सरासरी १० मिलिसेकंद असूनही मधूनच अर्धा सेकंद गप्प बसणारं नेटवर्क ब्रेकरच्या कामाचं नाही.

तुटलेली तार जमिनीवर पडण्याआधीच तिच्यातली वीज बंद करता येते म्हणतात. हे खरं आहे का?

खरं आहे, आणि या सगळ्या विषयात मला सर्वांत जवळचा वाटणारा उपयोग हाच.

आधी धोका कुठे आहे ते पाहू. तार तुटून कोरड्या मातीवर, वाळूवर किंवा डांबरावर पडली तर तिच्यातून जमिनीत जाणारा प्रवाह फार थोडा असतो. जास्त प्रवाह वाहिला की उडणारी नेहमीची संरक्षण यंत्रणा त्याला साधा भार समजते. तार जिवंतच राहते. मग तिला कुणी हात लावतं, गुरं अडकतात, वाळलेलं गवत पेटतं. लाइनमनच्या पिढ्यान् पिढ्या या धोक्याबरोबर जगत आल्या आहेत.

आता हिशेब करू. ९ मीटर उंचीवरून सुटलेली वस्तू जमिनीवर यायला सुमारे १.३५ सेकंद लागतात. एवढ्या वेळात तार तुटल्याचं ओळखायचं, निर्णय घ्यायचा, संदेश पाठवायचा आणि ब्रेकर उघडायचा. त्यासाठी फीडरवर ठिकठिकाणी अशी मापकं बसवतात की जी एकाच घड्याळाला बांधलेली असतात आणि व्होल्टेजची व कलेची (फेजची) नोंद सेकंदाला अनेक वेळा पाठवतात. तार तुटताच तुटलेल्या जागेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या नोंदी एकमेकींपासून ठरावीक रीतीने फटकतात. उपकेंद्रातलं यंत्र ते ओळखतं आणि तेवढाच तुकडा बंद करतं. तार खाली येते तेव्हा तिच्यात वीज नसते.

कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो गॅस अँड इलेक्ट्रिक या कंपनीने वणव्यांच्या भीतीपोटी ही पद्धत प्रत्यक्ष उभी केली. तिच्यासाठी स्वतःचं खासगी ४जी नेटवर्क उभारलं. हे मुद्दाम सांगतो, कारण १.३५ सेकंदांच्या या कामाला ५जीच हवं असं नाही. नीट आखलेलं ४जीही पुरतं. हीच पद्धत शेकडो फीडरवर न्यायची, हजारो मापकांच्या नोंदी एकाच वेळी येऊ द्यायच्या आणि तरी एकही उशिरा पोचता कामा नये, अशी अपेक्षा असेल तिथे ५जीची गरज सुरू होते.

मग सगळंच संरक्षण वायरलेसवर टाकावं का?

नाही. आयईसी ६१८५० या मानकात उपकेंद्रातल्या सर्वांत तातडीच्या ट्रिप (ब्रेकर उघडण्याच्या) संदेशासाठी ३ मिलिसेकंदांची मर्यादा आहे. उपकेंद्राच्या आत ते काम तारेनेच व्हावं.

वाहिनीच्या दोन टोकांच्या प्रवाहांची तुलना करणाऱ्या डिफरेन्शियल रिलेची (बिघाड ओळखून ब्रेकर उघडायला लावणाऱ्या यंत्राची) अडचण आणखी बारीक आहे. संदेशाच्या जाण्या-येण्याच्या एकूण वेळेच्या निम्म्यावरून तो समोरच्या टोकाचा विलंब ताडतो, म्हणजे जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो असं धरून चालतो. मोबाइल नेटवर्कमध्ये जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखा नसतो. हा फरक वाढला की दोन टोकांचे प्रवाह प्रत्यक्षात जुळत असूनही रिलेला ते वेगळे भासतात आणि धडधाकट वाहिनी बंद पडते. उपाय असा की दोन्ही टोकांना बाहेरून एकच घड्याळ द्यायचं.

५जीचा फारसा न बोलला जाणारा गुण इथे कामाला येतो. एकाच वारंवारतेवर आळीपाळीने पाठवणं-घेणं करणाऱ्या टॉवरना मुळातच एकमेकांपासून ३ मायक्रोसेकंदांच्या आत राहावं लागतं. ५० हर्ट्झच्या विजेत कलेचा १ अंश म्हणजे सुमारे ५६ मायक्रोसेकंद, तेव्हा या अचूकतेचं मोल लक्षात येईल. हीच वेळ उपकरणांपर्यंत पोचवण्याची सोय ५जीच्या मानकांच्या सोळाव्या आवृत्तीपासून आली. उपग्रहाकडून वेळ घेणारा अँटेना कुणी जॅम केला तरी मापकाला दुसरा आधार राहतो. मात्र टॉवर स्वतः वेळ कुठून घेतो हे विचारून ठेवा. तोही त्याच उपग्रहावर विसंबून असेल तर आधार दुसरा उरतच नाही.

स्मार्ट मीटरमध्ये ५जी सिम घालावं का?

साध्या मीटरला नको. त्यासाठी २०१६ मध्ये मानकात आलेलं एनबी-आयओटी (छोट्या उपकरणांसाठीचं कमी वेगाचं मोबाइल तंत्र) जास्त योग्य. ते फक्त २०० किलोहर्ट्झच्या चिंचोळ्या पट्ट्यात चालतं, आणि जुन्या २जी डेटाच्या तुलनेत सुमारे २० डेसिबल जास्त अडथळा पार करतं, म्हणजे शंभरपट क्षीण झालेला संकेतही ओळखतं. तळघरातल्या किंवा लोखंडी झाकणाखालच्या मीटरला हेच हवं. मधल्या गरजांसाठी, उदाहरणार्थ रोहित्रावरचा मापक किंवा फीडरवरचा स्विच, २०२२ च्या सतराव्या आवृत्तीत आलेला रेडकॅप हा ५जीचा हलका प्रकार आहे.

मीटरच्या बाबतीत खरी परीक्षा डेटाच्या आकाराची नसते, गर्दीची असते. वीज जाताच मीटर आपल्या कॅपॅसिटरमधल्या उरल्यासुरल्या ऊर्जेवर ‘माझी वीज गेली’ असा एक शेवटचा संदेश पाठवतं. तारेवर फांदी पडली की असे हजारो संदेश एकाच क्षणी एकाच टॉवरच्या दारात येतात, एकमेकांवर आदळतात आणि बरेच हरवतात. वीज परत आल्यावर पुन्हा तेच, कारण सगळी मीटर एकदम नोंदणीला धावतात. त्यामुळे प्रत्येक मीटरने वेगवेगळा, यदृच्छेने ठरलेला वेळ थांबून बोलावं अशी सोय मीटरमध्येच हवी. शेवटचे सगळे संदेश पोचायचीही गरज नसते. एका रोहित्राखालच्या काही मीटरनी सांगितलं तरी बिघाडाची जागा कळते.

पाणीपुरवठ्याला यातून काय मिळेल?

गळती सापडेल. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे १२६ अब्ज घनमीटर पाणी हिशेबाबाहेर जातं. त्यात गळती आली, चोरी आली, चुकीची मीटर आली. गळती शोधण्याची सर्वांत जुनी खूण म्हणजे रात्रीचा प्रवाह. पहाटे २ ते ४ च्या सुमारास वापर जवळजवळ थांबतो, तरी मीटर फिरत असेल तर पाणी कुठेतरी जिरतंय. पूर्वी हे आकडे महिन्यातून एकदा हाती लागत, आता रोज सकाळी लागू शकतात.

नेमकी जागा आवाजावरून सापडते. नळाच्या दोन टोकांना चिकटवलेले सेन्सर गळतीची सरसर ऐकतात आणि ती दोन्हीकडे पोचण्यातल्या फरकावरून अंतर काढतात. दोघांची घड्याळं जुळलेली हवीत हे ओघाने आलंच. अशा सेन्सरना रस्त्याखाली वीज नसते, बॅटरीवर वर्षानुवर्षं काढावी लागतात. बहुतेक वेळ झोपून राहणारा आणि दिवसातून एकदा बोलणारा रेडिओ त्यांना योग्य.

आणि गॅसला?

१३ सप्टेंबर २०१८ रोजी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, मेरिमॅक खोऱ्यात घडलेली दुर्घटना इथे सांगायलाच हवी. जुनी बिडाची वाहिनी बदलण्याचं काम सुरू होतं. दाब नियंत्रित करणाऱ्या यंत्रणेच्या संवेदक नळ्या बंद केलेल्या जुन्या वाहिनीलाच जोडलेल्या राहिल्या. जुन्या वाहिनीतला दाब उतरला, यंत्रणेला वाटलं गॅस कमी पडतोय, आणि तिने नव्या वाहिनीत जास्त दाबाचा गॅस सोडला. घरांत आगी लागल्या, स्फोट झाले, एका तरुणाचा जीव गेला. दूरच्या नियंत्रण कक्षात दाब वाढल्याच्या सूचना आल्या होत्या, पण तिथून तो गॅस बंद करण्याची सोय नव्हती. माणूस पाठवावा लागला.

दाब दाखवणारा सेन्सर लावताना तो दाब तोडणारी झडपही दुरून बंद करता आली पाहिजे. संदेश दोन्ही दिशांनी जाणारं विश्वासार्ह नेटवर्क त्याचीच अट आहे. त्याच वेळी हेही खरं की संवेदक नळी चुकीच्या वाहिनीला जोडलेली असेल तर जगातलं कुठलंही नेटवर्क ती चूक दुरुस्त करत नाही. चुकीची माहिती फक्त लवकर पोचते.

छतावरची सौरऊर्जा आणि वाहनांचे चार्जर यांचा नेटवर्कशी काय संबंध?

वितरणाची जाळी वीज एकाच दिशेने वाहील असं धरून बांधलेली होती. दुपारी सौरवीज उलट चढायला लागली की फीडरच्या टोकाला व्होल्टेज वाढतं. संध्याकाळी सगळे चार्जर एकत्र सुरू झाले की ते कोसळतं. रोहित्र मोठं करणं हा एक उपाय, तो महाग. दुसरा उपाय, इन्व्हर्टर, बॅटऱ्या आणि चार्जर यांना दर काही सेकंदांनी थोडं वर-खाली करणं. हजारो छोट्या उपकरणांशी सतत दोन्हीकडून बोलणं हे मोबाइल नेटवर्कचंच काम आहे. इथे काही सेकंदांचा उशीर चालतो. संपर्क तुटला तर इन्व्हर्टरने काय करायचं हे मात्र आधीच त्याच्या आत लिहिलेलं हवं.

स्लाइस म्हणजे नेमकं काय?

एकाच नेटवर्कमधून वेगळी राखून ठेवलेली वाट. सामन्याच्या दिवशी टॉवरखाली हजारो लोक व्हिडिओ पाहत असले तरी फीडरच्या संदेशाला त्याची राखीव जागा मिळावी, ही कल्पना. त्यासाठी मोबाइल कंपनीकडे ५जीचा स्वतंत्र गाभा (टॉवरमागची मध्यवर्ती यंत्रणा) हवा. ४जीच्या गाभ्यावर चालणाऱ्या ५जीत खरी स्लाइस मिळत नाही. हमी टॉवरच्या रेडिओपर्यंत आहे की फक्त गाभ्यापर्यंत, हे करारात शब्दशः लिहून घ्या. गर्दी रेडिओवरच होते.

स्वतःचं नेटवर्क उभारावं की मोबाइल कंपनीचं वापरावं?

बहुतेकांना दोन्ही लागतील. मीटर, पाण्याचे सेन्सर, ड्रोन यांना सार्वजनिक नेटवर्क पुरतं. ब्रेकर, झडपा, आणीबाणीतला आवाजी संपर्क यांच्यासाठी स्वतःच्या ताब्यातलं नेटवर्क असेल तर झोप शांत लागते.

अडतं ते तरंगपट्ट्यावर. कमी वारंवारतेचा संकेत दूर जातो आणि भिंतींतून शिरतो, म्हणून टॉवर कमी लागतात. जर्मनीत ४५० मेगाहर्ट्झचा पट्टा याच कारणाने पुरवठा कंपन्यांसारख्या अत्यावश्यक सेवांसाठी वापरला जातो, तर अमेरिकेत काही वीज कंपन्यांनी ९०० मेगाहर्ट्झ निवडला. असे पट्टे अरुंद असतात, त्यात चित्रीकरण मावत नाही. तरी माझं मत विचाराल तर अरुंद पण आपला आणि दूर पोचणारा पट्टा रुंद पण गर्दीच्या पट्ट्यापेक्षा या कामाला बरा.

वीज गेली की टॉवरही बंद पडतो. मग या सगळ्याचा उपयोग काय?

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. वीज परत आणायला संपर्क लागतो आणि संपर्क चालू ठेवायला वीज लागते. मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या बहुधा काही तासच टिकतात. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालमध्ये दुपारी एकाएकी वीज गेली, आणि जसजशा बॅटऱ्या संपत गेल्या तसतसे मोबाइलही एकेक करून मुके झाले. नेमक्या त्याच वेळी हजारो कर्मचारी उपकेंद्रांत आणि रस्त्यावर होते.

पूर्ण अंधारातून जाळं पुन्हा उभं करताना क्रम पाळावा लागतो : आधी एखादं जलविद्युत केंद्र, मग एक वाहिनी, मग थोडा भार, मग पुढची वाहिनी. प्रत्येक पायरीवर दोन ठिकाणच्या माणसांना एकमेकांशी बोलावं लागतं आणि ब्रेकरना आज्ञा द्याव्या लागतात. हे काम काही तासांत संपत नाही. जर्मनीतल्या ४५० मेगाहर्ट्झच्या त्या नेटवर्कची आखणी वीज गेल्यावर ७२ तास चालू राहील अशी केली आहे, ती या कारणाने.

सगळ्या टॉवरना ७२ तासांची बॅटरी देणं परवडणार नाही, आणि गरजही नाही. जाळं उभं करण्याच्या वाटेवर जी उपकेंद्रं येतात त्यांच्या भोवतालचे टॉवर कोणते, त्यांना जोडणारं फायबर कुठून जातं, मधल्या यंत्रांना वीज कोण पुरवतं, एवढी साखळी कागदावर काढा. एखादी कडी चार तासांची असेल तर बाकीच्या ७२ तासांना अर्थ उरत नाही. आणि भारनियमनाची यादी करताना त्या टॉवरचे फीडर वगळले आहेत ना, तेही पाहा. आपल्याच हाताने आपलं नेटवर्क बंद केल्याची वेळ कुणावर येऊ नये.

सायबर हल्ल्याचा धोका वाढतो का?

वाढतो, कारण दारं वाढतात. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमध्ये हल्लेखोरांनी तीन वितरण कंपन्यांच्या नियंत्रण प्रणालीत शिरून ब्रेकर उघडले आणि सुमारे २ लाख २५ हजार ग्राहकांची वीज गेली. ग्राहकांना तक्रार करता येऊ नये म्हणून तक्रार केंद्राच्या फोनवर खोट्या कॉलचा मारा केला. वीज परत आली ती कर्मचाऱ्यांनी उपकेंद्रांत जाऊन हाताने ब्रेकर लावल्यामुळे. ही हाताने चालवण्याची सोय आणि सवय, दोन्ही मोडीत काढू नका.

दुसरा धोका उसना असतो. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी एका उपग्रह इंटरनेट सेवेवर हल्ला झाला आणि मध्य युरोपातल्या सुमारे ५,८०० पवनचक्क्यांचा दूरसंपर्क तुटला. निशाण्यावर पवनचक्क्या नव्हत्याच. त्या फिरत राहिल्या, वीज देत राहिल्या, कारण संपर्क तुटल्यावर काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं. ५जीत कूटबद्धता आणि ओळख-पडताळणी आधीच्या पिढ्यांपेक्षा चांगली आहे. पण मीटरचा कारखान्यातला पासवर्ड कुणी बदललाच नसेल तर तिचा उपयोग होत नाही.

मीटर १५-२० वर्षं चालतं. नेटवर्क तेवढं टिकेल का?

धरून चालू नका. अमेरिकेतल्या मोठ्या मोबाइल कंपन्यांनी २०२२ मध्ये ३जी बंद केलं आणि त्यावर चालणारी उपकरणं बदलावी लागली. नवं घेताना संपर्काचा भाग मीटरपासून वेगळा काढता येईल असा घ्या, आणि दुरून बदलता येणारं सिम वापरा, म्हणजे कंपनी बदलायला प्रत्येक दारात जावं लागणार नाही.

६जीसाठी थांबावं का?

नको. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने २०२३ मध्ये पुढच्या पिढीची रूपरेषा मान्य केली आहे. रेडिओ लहरींनीच आसपासच्या हालचाली ओळखणं, उपग्रह आणि टॉवर एकाच जाळ्यात आणणं अशा गोष्टी त्यात आहेत. दुर्गम वाहिन्यांसाठी त्या मोलाच्या ठरतील. पण आज तुटणारी तार आजच तुटते.

सुरुवात कुठून करावी?

एका फीडरपासून, तोही सर्वांत त्रासदायक. ज्या फीडरवर तारा जास्त तुटतात किंवा बिघाड शोधायला सर्वांत जास्त वेळ लागतो, तो निवडा. दुरून चालणारे स्विच, काही मापकं, त्याखालची मीटर एवढं जोडा. कामाच्या पहिल्या दिवसापासून लाइनमनना सोबत घ्या. कुठल्या खांबावर रेंज येत नाही हे नकाशापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं.

मग चाचणी ठरवा. त्या भागातल्या लोकांना आणि मोबाइल कंपनीला आधी कळवून टॉवरचा वीजपुरवठा खरोखर बंद करा आणि बॅटरी संपेपर्यंत थांबा. कुठलं उपकरण किती वाजता गप्प झालं, कुठलं परत आलं आणि कुठलं आलंच नाही, ते वेळेसकट लिहून काढा. पुढच्या निविदेतल्या अटी त्या कागदावरून लिहा.